साचा मिळेल, मॅक्रो नाही

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या टायपिंगच्या दुकानांत भाडेकरार जुन्याच फाइलवर नावं बदलून निघतात. मग तिसऱ्या पानावर आधीचा भाडेकरू उरतोच! वर्डची ‘डॉट-एम’ ही साच्याची फाइल हे टाळण्यासाठीच आहे. डबल-क्लिक केलं की मूळ साचा शाबूत राहून नवं कागदपत्र उघडतं आणि मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिलेला असेल तर तो नावं जागच्या जागी भरतो. वर्डच्या साध्या ‘डॉक-एक्स’ फाइलचं ‘डॉट-एम’मध्ये ऑनलाइन रूपांतर केलं, तर नुसता साचा हाती येतो. ‘डॉक-एक्स’मध्ये मॅक्रो नसतोच, तर येणार कुठून? शिवाय पक्षकाराचा आधार क्रमांक परक्या सर्व्हरवर कशाला धाडायचा? वर्डमधलं ‘सेव्ह ॲज’ तेच काम करतं. मात्र मॅक्रो जपूनच वापरावा: १९९९मध्ये मेलिसा व्हायरस मॅक्रोतूनच पसरला. २०२२पासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींतले मॅक्रो वर्ड आपणहून अडवू लागलं.