दहा माणसं आणि जोडीच्या खोल्या

जहाजात बेड रिकामा असला म्हणजे माणसाला जागा असतेच, असं नाही. आमच्या एजंटने हे फोनवर दोनदा सांगितलं, तरी दादाच्या गळी उतरेना. शेवटी मीच त्यांच्या डोंबिवलीच्या ऑफिसात जाऊन बसले.

दिवाळीच्या सुट्टीतली मुंबई-गोवा फेरी. जहाज 'एम्प्रेस', 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं. बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच, त्या केव्हाच गेलेल्या. आम्ही दहा जण : आई-बाबा, एकटी काकू, दादा-वहिनी, त्यांची चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा, आम्ही दोघं आणि आमचं चार वर्षांचं शेपूट. स्क्रीनवर तिघांच्या-चौघांच्या सगळ्या खोल्या बंद. उरल्या होत्या त्या दोघांच्या, त्याही विखुरलेल्या.

"अहो, छतातून खाली येणारा बेड असतो ना? तो उघडून द्या की," दादा स्पीकरवर.

"साहेब, बेड रिकामा आहे. लाइफबोट नाही."

क्रूझवाले खोलीमागे दोन माणसं धरूनच जहाज 'फुल' मोजतात. तिसरा-चौथा बेड ही वरकमाई. पण लाइफबोटीत माणसं मोजून बसवायची असतात, आणि प्रत्येक खोलीला आणीबाणीत जमायची जागा आधीच नेमून दिलेली असते. तिथला आकडा भरला, की त्या भागातले वरचे बेड सिस्टीम उघडतच नाही. बाबा अलिबागकडचे. 1947 च्या जुलैमध्ये रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली, ती गोष्ट ऐकतच ते वाढले. त्यांना हे गणित समजावून सांगावं लागलं नाही.

मग जोड्या लावणं आलं. काकूला एकटीला खोली द्यायची, तर भाडं जवळपास दोघांचं. एजंटने सरळ मांडणी केली : आई-काकू, दादा-मुलगा, वहिनी-मुलगी, मी आणि आमचं शेपूट. उरले बाबा आणि माझा नवरा. सासरा-जावई एका खोलीत, एकच बाथरूम, त्यात बाबांचं घोरणं! आईने फोनवरच कानांवर हात ठेवले असणार. "जावईबापूंना असं बरं दिसतं का?" तिचं म्हणणं खरं तर जावयापेक्षा बाबांच्या सोयीसाठीच होतं.

एजंटने कागद उलटा केला आणि नव्याने नावं लिहिली. आई-बाबा एकत्र. काकूच्या खोलीत तिची लाडकी नात. भाचा माझ्या नवऱ्याबरोबर; दोघांचा मुख्य विषय क्रिकेट. शेपूट माझ्याकडे. राहिले दादा-वहिनी, दोघंच. क्रूझची कल्पना आवडल्याचं वहिनीने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आईवडील त्याच जहाजावर पण दुसऱ्या खोलीत असताना मूल दुसऱ्या नातेवाइकाकडे राहिलं तर चालेल का, हे एजंटने कंपनीला मेल टाकून लेखी घेतलं. "बुकिंगमध्ये एक आणि झोपायला भलतीकडेच, असं लहान मुलांचं तरी करू नका," ते म्हणाले. "भोंगा वाजला की मुलाला कोणी कुठे न्यायचं, ते खोलीवरून ठरतं."

पुढचं काम मला सगळ्यात बघण्यासारखं वाटलं. त्यांनी दोन मजल्यांचे नकाशे एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले. खोलीच्या डोक्यावर काय येतं ते पाहायला. एका खोलीच्या बरोबर वर नाचाचा हॉल, ती काट. एकीशेजारी कोरा पांढरा चौकोन होता. नकाशात कोरी जागा म्हणजे बहुतेक वेळा कामगारांची पँट्री, पहाटेपासून ट्रॉल्यांचा खडखडाट, तीही काट. आईला बोट लागते, म्हणून तिची खोली खालच्या मजल्यावर आणि मधोमध, जिथे जहाज सगळ्यात कमी डोलतं. काकूला खिडकी हवी होती. मिळाली, पण खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली. समुद्र दिसेल तो तिच्या पोटाखालून. त्यामुळे भाडं कमी, आणि काकूची हरकत नव्हती.

नंबर नंतर मिळणारी 'गॅरंटी' खोली त्याहून स्वस्त पडत होती. एकट्यादुकट्याने जरूर घ्यावी. घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल असेल तर घेऊ नका. आणि एजंटकडे जाण्याआधी कोण कोणाबरोबर झोपणार, हे घरीच भांडून ठरवून जा. बुकिंग झाल्यावर नावांची अदलाबदल करायला पैसे पडू शकतात.