मरणोत्तर ‘पुलित्झर’चा मानकरी: जॉन केनेडी टूल

कथात्म साहित्यासाठीचा १९८१ चा पुलित्झर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा विजेत्या लेखकाच्या निधनाला १२ वर्षे उलटली होती. जॉन केनेडी टूल यांना हयातीत आपली एकही कादंबरी छापील स्वरूपात पाहता आली नाही. आज मात्र ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’ ही त्यांची विनोदी कादंबरी अमेरिकेतील ‘कल्ट’ साहित्यात, म्हणजे निष्ठावान वाचकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या पुस्तकांत गणली जाते.

टूल यांचा जन्म १९३७ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे झाला. तुलेन आणि कोलंबिया विद्यापीठांत शिक्षण घेऊन ते इंग्रजीचे अध्यापक झाले. पुढे लष्करी सेवेत पोर्तो रिको येथे स्पॅनिशभाषक जवानांना इंग्रजी शिकवत असताना त्यांनी ही कादंबरी लिहावयास घेतली. मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा अभिमानी, आईच्या आश्रयाने राहणारा आणि नाइलाजाने हॉटडॉगची गाडी ढकलणारा स्थूलकाय इग्नेशियस रायली हा तिचा नायक.

‘सायमन अँड शुस्टर’चे संपादक रॉबर्ट गॉटलिब यांनी टूल यांची प्रतिभा ओळखली, परंतु कथानकाला निश्चित प्रयोजन नाही, हा त्यांचा आक्षेप कायम राहिला. दीर्घ पत्रव्यवहार आणि फेरलेखनानंतरही प्रकाशनाचा योग आला नाही. निराशा व मानसिक अस्वास्थ्याने ग्रासलेल्या टूल यांनी मार्च १९६९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी जीवनयात्रा संपविली.

त्यांच्या आई थेल्मा टूल यांनी मात्र हस्तलिखित अडगळीत पडू दिले नाही. अनेक प्रकाशकांच्या नकारानंतर १९७६ मध्ये त्यांनी लोयोला विद्यापीठात अध्यापन करणारे कादंबरीकार वॉकर पर्सी यांना गाठले. नाखुशीनेच वाचावयास घेतलेल्या त्या पुसट कार्बन प्रतीने पर्सी थक्क झाले. त्यांच्या प्रयत्नांतून लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसने १९८० मध्ये कादंबरी प्रसिद्ध केली. पहिली आवृत्ती अवघ्या २,५०० प्रतींची होती. पुढे अनेक भाषांत तिचे अनुवाद झाले.

टूल यांनी किशोरवयात लिहिलेली ‘द निऑन बायबल’ ही कादंबरी १९८९ मध्ये प्रकाशित झाली. न्यू ऑर्लिन्सच्या कॅनाल स्ट्रीटवर आज इग्नेशियसचा पुतळा उभा आहे. ज्या नायकाच्या कथेत प्रयोजन आढळले नव्हते, त्यालाच आता त्या शहराने आपली ओळख मानले आहे.