भुसार बाजारातले वारे

दिवाळी तोंडावर आली की पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागातून चालणं म्हणजे हमालांच्या हाकांतून वाट काढणं. खजुराची खोकी, लवंगेचा वास, नारळाची पोती. आज हा माल कंटेनर आणि ट्रकमधून येतो, त्याला वाऱ्याचं सोयरसुतक नाही. शिडांच्या काळात मात्र खजुराचा एक वारा होता आणि लवंगेचा दुसरा.

बसऱ्याचा खजूर पावसाळा सरता सरता उतरे. ईशान्येचा वारा बसला की खजूर भरलेली अरबी गलबतं आफ्रिकेचा किनारा धरत. वैशाखाच्या सुमारास वारा फिरे आणि शिडं परतीला लागत. एकोणिसाव्या शतकात झांझिबारची लवंग याच वेळापत्रकावर मुंबईला पोचे. अरबीत ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला हंगाम. आपला मोसम त्यातून आला आणि साहेबाचा मान्सूनही. शेजारच्या फळबाजारातली मोसंबी नावानं मोझांबिकची, असंही म्हणतात.

कारण तसं सरळ आहे. उन्हाळ्यात आशियाची जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिथला हवेचा दाब उतरतो, आणि विषुववृत्ताखालची हवा इकडे ओढली जाते. पृथ्वी फिरत असल्यानं ती उजवीकडे वळते आणि नैऋत्येकडून येते. हिवाळ्यात सगळं उलट. या वाऱ्यांच्या शोधाचं श्रेय हिप्पालस नावाच्या ग्रीक खलाशाला देण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही. अरब आणि आपल्याकडचे दर्यावर्दी हे वारे त्याच्या आधीपासून वापरत असणार. ग्रीकांनी फक्त ते लिहून ठेवलं.

वाऱ्याची दिशा चुकली तर काय होतं, हे वास्को द गामाकडून शिकावं. 1498 च्या एप्रिलअखेरीस त्यानं मालिंदी सोडलं. सोबत वाटाड्या होता, पाठीशी वारा. 20 मेला तो कालिकतजवळ होता. परतताना ऑक्टोबरात, ईशान्येचा वारा बसण्याआधीच, त्यानं कारवारजवळचं अंजदीव बेट सोडलं. तोच समुद्र ओलांडायला यावेळी सुमारे तीन महिने लागले. स्कर्व्हीनं इतकी माणसं गेली की एक जहाज चालवायला कुणी उरलं नाही, ते जाळून टाकावं लागलं.

पण दिशा पाठ करता येते. खरी परीक्षा जोराची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. पंधरा नॉटला हसतखेळत चालणारी होडी तीस नॉटला डोलकाठी मोडून घेते. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टनं 1805-06 च्या सुमारास शून्य ते बारा अशी मोजपट्टी केली, ती वेगावर नव्हे, तर जहाज किती शिडं पेलू शकतं यावर. बारा म्हणजे एकही शीड टिकणार नाही असा वारा. यंत्र नसलेल्या माणसाला यापेक्षा प्रामाणिक माप सापडणं कठीण.

म्हणूनच कोकणात आषाढात, वारा जायच्या दिशेलाच असला तरी, गलबत पाण्यात कुणी घालत नसे. आगोटीच्या आधीच होड्या वर ओढल्या जात. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात ती या जोराला उतार पडण्याची वेळ. आपण त्या दिवशी नारळीभात खातो, इतकंच. ऋतू निवळला की रोजचे वारे हाती येतात: पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा होडी बाहेर काढतो, दुपारचा खारा वारा परत आणतो.

पुण्याचा या साऱ्याशी संबंध नारळापुरता नाही. हवामान खात्याचं कार्यालय 1928 साली सिमल्याहून इथं आलं, म्हणून शिवाजीनगरच्या चौकाला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बस तिथं थांबते तेव्हा डोक्यात वारा नसतो, सुट्टे पैसे असतात.

शिडांचं शास्त्र संपलेलं नाही. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून एकटे जगप्रदक्षिणेला निघाले, म्हणजे नैऋत्य वारा अजून अंगावर असताना. दक्षिणेला जायचं तर त्याच्याशी नागमोडी झगडावं लागतं. पण चाळिसाव्या अक्षांशापलीकडे, जिथं जमीन फारशी आडवी येत नाही, पश्चिमेचा वारा पृथ्वीला वळसा घालत सुटतो. तिथं पोचल्यावर होडीचं तोंड पूर्वेला करायचं. 19 मे 2010 ला ते मुंबईत परतले, नैऋत्येचा वारा पुन्हा जोर धरायच्या आत.