सुवाह्य संगणक : नावापेक्षा काम पाहावे

लॅपटॉप, टॅबलेट, टू-इन-वन, क्रोमबुक... संगणकाच्या दुकानात शिरताच नावांची ही मालिका कानी पडते. साठवलेल्या पैशांतून वा मासिक हप्त्यांवर होणारी ही खरेदी पुढील काही वर्षे आपल्याला सोबत करणार असते. म्हणूनच या नावांमागील भेद जाणून घेणे हिताचे ठरते.

१९८१ साली बाजारात आलेल्या ‘ऑस्बोर्न १’ या सुवाह्य संगणकाचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा अवघा ५ इंचांचा होता आणि अंगभूत बॅटरी नव्हती. आज १३-१४ इंची पडद्याचे लॅपटॉप साधारण सव्वा ते दीड किलोचे असतात. सतत प्रवास करणाऱ्यांस ते सोयीचे. एका जागी बसून हिशेब लिहिणाऱ्यास मात्र १५ इंची पडदा व अंकांची स्वतंत्र कळपट्टी अधिक उपयोगी पडते.

टॅबलेट हा प्रामुख्याने स्पर्शाने चालतो. वाचन व चित्रफिती पाहण्यास तो उत्तम, परंतु दीर्घ टंकलेखनास गैरसोयीचा. टू-इन-वनमध्ये पडदा उलटा दुमडता वा वेगळा करता येतो. या सोयीची किंमतही मोजावी लागते. २०११ पासून मिळू लागलेली क्रोमबुक मुख्यतः इंटरनेटच्या आधारे काम करतात. विंडोजसाठी तयार केलेले हिशेबाचे पॅकेज त्यांवर थेट बसवता येत नाही, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानी घ्यावी.

अनेक सडपातळ यंत्रांत मेमरी मुख्य पट्टीवरच पक्की बसवलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे पुढील गरजेचा विचार खरेदीच्या वेळीच करावा.

स्वस्तात मिळणारा जुना लॅपटॉप घेताना विशेष दक्षता हवी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षाविषयक सुधारणा न मिळणाऱ्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे तिजोरीला जुनाट कुलूप लावणे होय. यंत्रावर विंडोज ११ चालते का, हे आधी पाहावे. विकणाऱ्याने त्यातील जुनी माहिती पुसून टाकावी आणि घेणाऱ्याने प्रणाली नव्याने बसवून घ्यावी.

कोणते काम, कोठे आणि किती वेळ करायचे, हे घरीच कागदावर लिहून मग दुकानात जावे. निवड आपोआप सोपी होईल.