प्रसूतिपश्चात नैराश्य

प्रसूतिपश्चात नैराश्य हा बाळंतपणानंतरच्या काळात मातेला होणारा एक मानसिक आजार आहे. सतत खिन्न वाटणे, कशातही रस न उरणे, पराकोटीचा थकवा, विनाकारण अपराधी वाटणे आणि बाळाविषयी अलिप्तता किंवा अवाजवी काळजी ही त्याची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात सुमारे १३ टक्के मातांना प्रसूतीनंतर मानसिक विकार होतो व त्यात नैराश्य प्रमुख असते. विकसनशील देशांत हे प्रमाण १९.८ टक्के आहे. हा आजार मातेच्या स्वभावदोषामुळे किंवा बाळावरील माया कमी असल्यामुळे होत नाही. त्याची जोखीम वाढवणारे बहुतेक घटक गरोदरपणातच ओळखता येतात.

स्वरूप

प्रसूतीनंतरच्या मानसिक अवस्था साधारणपणे तीन प्रकारच्या असतात. पहिली अवस्था सौम्य उदासीनतेची. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अनेक मातांना उगीच रडू येते, चिडचिड होते, मन हळवे होते. निम्म्याहून अधिक मातांना हा अनुभव येतो आणि दोन आठवड्यांच्या आत तो आपोआप ओसरतो. याला आजार मानले जात नाही.

दुसरी अवस्था म्हणजे प्रसूतिपश्चात नैराश्य. यात लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकतात, दैनंदिन कामे व बाळाची देखभाल अवघड होते आणि उपचार न मिळाल्यास आजार कित्येक महिने रेंगाळू शकतो. तिसरी अवस्था प्रसूतिपश्चात मनोविकृतीची. ती दर हजार प्रसूतींमागे एक ते दोन मातांना होते. भ्रम, भास व वर्तनातील टोकाचे बदल ही तिची लक्षणे असून तिच्यात तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागते.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर चार आठवड्यांत सुरू होणाऱ्या नैराश्याची एकत्र नोंद केली जाते. संशोधनात व प्रत्यक्ष उपचारांत मात्र प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात आढळणारे नैराश्यही बहुधा याच नावाने ओळखले जाते.

प्रमाण

प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारांचे सविस्तर वर्णन फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्ये केले. नैराश्याचे प्रमाण मोजण्याचे प्रयत्न त्यानंतर पुष्कळ काळाने झाले. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ ब्राइस पिट यांच्या १९६८ च्या लंडनमधील अभ्यासात ते १०.८ टक्के आढळले. मायकेल ओहारा व ॲनेट स्वेन यांनी १९९६ मध्ये ५९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सरासरी प्रमाण १३ टक्के आले.

भारताविषयीचा व्यापक आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यात ३८ अभ्यासांतील २०,०४३ मातांची माहिती एकत्र केली होती. त्यानुसार भारतातील प्रमाण २२ टक्के, म्हणजे जवळजवळ दर पाच मातांमागे एक असे ठरते. प्रदेशानुसार त्यात फरक आढळला. दक्षिण भारतात ते २६ टक्के, पश्चिम भारतात २१ टक्के, तर उत्तर भारतात १५ टक्के होते.

आकड्यांतील फरकांची कारणे

निरनिराळ्या अभ्यासांतील प्रमाणात मोठी तफावत दिसते. तिचे एक कारण मोजणीची वेळ हे आहे. प्रसूतीनंतर लगेच पाहणी केल्यास काही दिवसांत ओसरणारी सौम्य उदासीनताही नैराश्यात मोजली जाते. वरील भारतीय आढाव्यातून प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत केलेले आठ अभ्यास वगळल्यावर एकत्रित प्रमाण २२ वरून १९ टक्क्यांवर आले.

दुसरे कारण मोजणीच्या साधनाचे. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन व रूथ सॅगोव्स्की यांनी १९८७ मध्ये तयार केलेली एडिंबरा मापनपट्टी यासाठी सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात मागील सात दिवसांविषयी दहा प्रश्न असून गुण ० ते ३० पर्यंत असतात. थकवा किंवा भूक यांसारख्या शारीरिक तक्रारी तिच्यात मुद्दाम घेतलेल्या नाहीत, कारण त्या निरोगी बाळंतिणीलाही असतात. ही पट्टी केवळ चाळणी असून निदान तज्ज्ञाने केलेल्या मुलाखतीतूनच होते. त्यामुळे पट्टीवर आधारलेले आकडे बहुधा मुलाखतीवर आधारलेल्या आकड्यांपेक्षा अधिक असतात. याउलट, घरातील माणसांसमोर प्रश्न विचारल्यास किंवा ‘वाईट आई’ ठरण्याची भीती वाटल्यास अनेक स्त्रिया आपली अवस्था सांगत नाहीत आणि मोजणी कमी होते.

जोखीम घटक

जोखीम घटक म्हणजे आजाराची शक्यता वाढवणारी परिस्थिती. असा घटक असलेल्या प्रत्येक मातेला आजार होतोच असे नाही आणि एकही ठळक घटक नसलेल्या मातेलाही तो होऊ शकतो.

पूर्वीचा मानसिक आजार: गरोदरपणातील नैराश्य व चिंता, तसेच पूर्वी कधीही झालेला नैराश्याचा आजार हे सर्वांत प्रबळ घटक मानले जातात. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर स्त्रियांची नोंद करून केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे दिसले. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या.

कौटुंबिक घटक: पतीशी बेबनाव, पतीचा आधार नसणे व घरगुती हिंसा यांमुळे जोखीम वाढते. तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील २००२ च्या अभ्यासात सासूशी व आईवडिलांशी ताणलेले संबंध, तसेच घरकामात मदत नसणे हेही घटक ठरले.

आर्थिक घटक: गरिबी, कर्ज, अन्नाची टंचाई व पतीची बेकारी यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो.

मुलीचा जन्म: मुलगा हवा असताना मुलगी झाल्यास जोखीम वाढते, असे गोवा व तमिळनाडू येथील दोन्ही अभ्यासांत आढळले. गोव्यातील अभ्यासानुसार बाळाचे लिंग इतर घटकांचा परिणामही कमीअधिक करते. वैवाहिक हिंसेसारख्या घटकाचा भार मुलगी झालेल्या मातेवर अधिक पडतो. येथे आजाराचे मूळ बाळाच्या लिंगात नसून त्याविषयीच्या घरच्यांच्या अपेक्षेत असते.

गर्भारपण व प्रसूती: नको असलेले गर्भारपण, कमी वयातील मातृत्व, पूर्वीचा गर्भपात किंवा बाळाचा मृत्यू, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागलेले बाळ यांचाही यात समावेश होतो.

जैविक घटक: प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली येते. हा बदल सर्वच मातांमध्ये होतो, परंतु काही स्त्रिया त्याला अधिक संवेदनशील असतात. अपुरी झोप, थायरॉइड ग्रंथीचे विकार व आनुवंशिकता यांचाही वाटा असतो.

बाळंतपणाच्या रूढी

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आणि सुमारे सव्वा महिना बाळंतिणीला विश्रांती देण्याची रूढी आहे. तेल लावणे, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू व अळिवाची खीर यांचा भर शरीर सावरण्यावर व दूध वाढण्यावर असतो. या काळात मिळणारी विश्रांती व कामातील मदत मातेला आधार देते. मात्र घरातील नाती ताणलेली असल्यास हाच एकांत तिला जाचक होऊ शकतो. शिवाय तिचे रडणे ‘बाळंतपणात असे व्हायचेच’ म्हणून सोडून दिले गेल्यास सौम्य उदासीनता व आजार यांतील फरक लक्षात येत नाही.

परिणाम

उपचार न झाल्यास मातेच्या प्रकृतीबरोबर बाळाच्या वाढीवरही परिणाम होतो. गोव्यातील २००३ च्या अभ्यासात नैराश्यग्रस्त मातांच्या बाळांचे वजन सहाव्या महिन्यात कमी असण्याची शक्यता इतर बाळांच्या दुपटीहून अधिक होती. तीव्र नैराश्यात आत्महत्येचा धोका असतो. पित्यांनाही या काळात नैराश्य येते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्याचे प्रमाण सुमारे १० टक्के आढळले.

ओळख व उपचार

लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आल्यास मातेला एकटे न ठेवता त्वरित मदत घ्यावी लागते. सौम्य व मध्यम आजारात समुपदेशन व मानसोपचार, तर तीव्र आजारात औषधेही दिली जातात. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी नैराश्यरोधक औषधे उपलब्ध आहेत. त्यांची निवड डॉक्टर करतात. मनोविकारतज्ज्ञ कमी असलेल्या भागांत प्रशिक्षित सामान्य स्त्रियांनी मातांना भेटून आधार देण्याची पद्धत पाकिस्तानात व गोव्यात अभ्यासली गेली आहे.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत माता व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारासाठी दाखल झालेल्या मातेपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.