धान पावसाचे की तलावाचे?

अन्न येते कोठून? : लेखांक ७

भंडारा जिल्ह्यात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा श्रीमंतीचा वाटेल; म्हणूनच इथला भात म्हणजे पावसाचे देणे, असे सगळे धरून चालतात. ते अर्धेच खरे आहे. जुलैत रोवणीच्या वेळी बांध्या (बांध घातलेली धानाची शेते) भरलेल्या असतात, पण भारी धान निसवते ते पाऊस परतीच्या वाटेला लागल्यावर. लोंबी बाहेर पडताना आणि दाणा भरताना दहा-पंधरा दिवसांची ओढ बसली की दाणे पोचट राहतात, आणि जुलैत कोसळलेला पाऊस तेव्हा कामाला येत नाही. पाण्याची हमी नसलेल्या उंचवट्याच्या जमिनीत म्हणूनच हलके, लवकर हाती येणारे धान घेतात. चिन्नोरसारखा सुवासिक, उशिरा पिकणारा तांदूळ निव्वळ आभाळाच्या भरवशावर या जिल्ह्याची ओळख झाला नसता. त्याच्या मागे तलाव आहे.

पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो जुने तलाव आहेत. आज कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी म्हणतात आणि बोलताना ‘मामा तलाव’. त्यांतले कितीतरी मालगुजारीच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारीच्या, आधीचे आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले आणि तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालची जमीन मिळे, असे परंपरा सांगते. रचना साधी आहे: उताराला आडवी मातीची पाळ, जादा पाण्याला सांडवा, बांधीकडे पाणी सोडायला तुडुम. वरच्या तलावाचा सांडवा बहुधा खालच्या तलावाला किंवा बोडीला (लहान तळ्याला) भरतो. या पाण्यावर फक्त धान पिकत नाही. तलावात मरळ, शिंगी, मांगूर असतात, ढिवर कुटुंबे शिंगाडा लावतात. धान कापायच्या आधीच उभ्या पिकात लाखोळी फेकतात. बांधीत उरलेल्या ओलीवर ती येते, नांगर लागत नाही की वेगळे पाणी. हीच डाळ सतत आणि जवळपास एकटीच खाल्ली तर पायांना लुळेपणा येतो, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. बंदी आली तरी पेरा थांबला नाही, कारण इतक्या कमी खर्चात दुसरे कोणते कडधान्य येणार?

मालगुजारी गेली तेव्हा, १९५० च्या सुमारास, हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. पाण्यावरचा हक्क गावाकडे राहिला, पाळ दुरुस्त करायची आणि गाळ काढायची जबाबदारी मात्र कार्यालयात गेली. तलाव उथळ होत गेले ते इथून, असे माझे मत आहे. यावर कोणी म्हणेल, हा सरंजामशाहीचा गोडवा झाला. आक्षेप रास्त आहे. पाळीवर राबणारे एक आणि पाण्याचे धनी दुसरे, ही जुनी व्यवस्था कोणीही परत मागू नये. पण तीत देखभाल कोणाच्या तरी गळ्यात होती. नव्या व्यवस्थेत ती कोणाच्याच गळ्यात उरली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झाले असताना या डबक्यांचे कौतुक कशाला? १९८८ मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता आणि सिंचनाचे उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरांचे. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, खर्च कित्येक पटींनी वाढला, आणि पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या वितरिकांची कामे वर्षानुवर्षे रेंगाळली. ती उद्या पुरी झाली तरी कालव्याच्या वरच्या अंगाच्या गावांना उताराने पाणी मिळणार नाही. तलावाचीही मर्यादा मान्य करायला हवी: उथळ पाणी उन्हात भराभर उडते, आणि पावसाळाच कोरडा गेला तर तलाव भरतच नाही. तो दुष्काळावरचा उपाय नव्हे. पावसातल्या खंडावरचा आहे, आणि धानाचा घात बहुतेकदा खंडच करतो.

गाळ काढायला २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. चांगलीच आहे, पण यंत्राने तळ सरसकट खरवडला की काठाचा उथळ भागही जातो. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला येतात ते तिथेच. शिवाय शेतकऱ्याला ऑक्टोबरात तुडुम उघडे हवे असते, तर मासेमारी करणाऱ्या ढिवर सोसायटीला तेच पाणी मे महिन्यापर्यंत टिकायला हवे असते. दोघांचीही गरज खरी आहे. तुडुम कोणत्या पातळीला बंद करायचे हे दरवर्षी दोघांनी ग्रामसभेत बसून ठरवावे आणि पाटबंधारे खात्याने ते पाळावे, एवढे तरी गाळाच्या निविदेआधी व्हायला हवे.