द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प (चित्रपट)

द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प हा इ.स. १९४३ मध्ये प्रदर्शित झालेला इंग्लिश भाषेतील ब्रिटिश रंगीत चित्रपट आहे. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांनी आपल्या 'द आर्चर्स' या संस्थेतर्फे त्याचे लेखन, निर्मिती व दिग्दर्शन संयुक्तपणे केले. रॉजर लिव्हसी, अँटन वॉलब्रुक आणि डेबोरा कार यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

क्लाइव्ह कँडी या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या आयुष्यातील सुमारे चाळीस वर्षांचा काळ चित्रपटात येतो. दुसरे बोअर युद्ध, पहिले महायुद्ध आणि दुसरे महायुद्ध हे त्याचे तीन टप्पे होत. एक ब्रिटिश आणि एक जर्मन अधिकारी यांची मैत्री हा कथेचा कणा आहे. नियम पाळून लढण्याच्या परंपरेत वाढलेल्या माणसाने, कोणतेही नियम न मानणाऱ्या शत्रूशी कसे लढावे, हा तिचा मध्यवर्ती प्रश्न आहे. दुसरे महायुद्ध चालू असतानाच हा प्रश्न मांडल्यामुळे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी चित्रपटाची निर्मिती थांबवण्याचा प्रयत्न केला होता.

नाव आणि मूळ कल्पना

'कर्नल ब्लिम्प' हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांनी निर्माण केलेले पात्र आहे. इ.स. १९३४ पासून ते लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड' या दैनिकात प्रसिद्ध होऊ लागले. स्थूल शरीराचा, झुबकेदार मिशांचा हा निवृत्त कर्नल तुर्की स्नानगृहात पंचा गुंडाळून बसतो आणि जगातील घडामोडींवर आत्मविश्वासाने परस्परविरोधी मते देतो. जुनाट विचारांच्या, बदलाला विरोध करणाऱ्या सत्ताधारी वर्गाचे ते विडंबन होते. पुढे 'ब्लिम्प' हा शब्द इंग्लिशमध्ये अशा वृत्तीच्या माणसासाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाला.

चित्रपटात मात्र ब्लिम्प नावाचे एकही पात्र नाही आणि कथेच्या शेवटी नायकाचा मृत्यूही होत नाही. लो यांच्या चित्रातला हास्यास्पद म्हातारा तरुणपणी कसा असेल, आणि तो असा का झाला असेल, याचा शोध चित्रपट घेतो.

या कल्पनेचे बीज पॉवेल व प्रेसबर्गर यांच्याच 'वन ऑफ अवर एअरक्राफ्ट इज मिसिंग' (१९४२) या चित्रपटात होते. त्यातील एका प्रसंगात वयस्कर वैमानिक तरुण सहकाऱ्याला म्हातारपणाविषयी चार शब्द सुनावतो. संकलनात हा प्रसंग वगळला गेला. तो स्वतंत्र चित्रपटाचा विषय आहे, असे संकलक डेव्हिड लीन यांनी सुचवल्याचे पॉवेल यांनी नमूद केले आहे. लीन पुढे दिग्दर्शक म्हणून जगप्रसिद्ध झाले.

कथानक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये होम गार्डची युद्धकवायत ठरलेली असते. मध्यरात्री 'युद्ध' सुरू होईल, असा आदेश असतो. परंतु शत्रू वेळ सांगून हल्ला करत नाही, असे म्हणत नियमित सैन्यातील एक तरुण लेफ्टनंट काही तास आधीच चढाई करतो आणि तुर्की स्नानगृहात विसावलेल्या मेजर जनरल क्लाइव्ह विन-कँडी यांना कैद करतो. संतापलेले कँडी त्याच्यावर धावून जातात. दोघे झटापटीत हौदात पडतात. कॅमेरा पाण्यावरून पुढे सरकतो आणि दुसऱ्या टोकाला पाण्यातून बाहेर येतो तो इ.स. १९०२ मधला तरुण कँडी.

बोअर युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला कँडी रजेवर आलेला असतो. बर्लिनमध्ये नोकरी करणारी ईडिथ हंटर ही इंग्लिश युवती पत्राने कळवते की, दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश सैन्य स्त्रिया व मुलांवर अत्याचार करत असल्याचा प्रचार तेथे चालू आहे. वरिष्ठांची परवानगी न घेता कँडी बर्लिनला जातो. तेथील वादावादीत त्याच्याकडून जर्मन सैन्याधिकाऱ्यांचा अपमान होतो आणि त्याला द्वंद्वयुद्धाला उभे राहावे लागते. त्याचा प्रतिस्पर्धी चिठ्ठ्या टाकून निवडला जातो. तो असतो थिओ क्रेचमार-शुल्डॉर्फ. जखमी झालेले दोघे एकाच शुश्रूषागृहात राहतात आणि मित्र होतात. ईडिथ थिओशी विवाह करण्याचे ठरवते. आपलेही तिच्यावर प्रेम होते, हे कँडीला उशिरा उमगते.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कँडीला ईडिथसारखीच दिसणारी परिचारिका बार्बरा विन भेटते. तिच्याशी तो विवाह करतो. युद्धकैदी म्हणून इंग्लंडमध्ये असलेला थिओ प्रथम त्याच्याशी बोलायलाही तयार होत नाही. नंतर कँडीच्या घरी भोजनासाठी जमलेले प्रतिष्ठित ब्रिटिश पाहुणे त्याला जर्मनीशी उदारपणे वागण्याचे आश्वासन देतात. मायदेशी परतताना थिओ मात्र आपल्या सोबत्यांपुढे या भाबडेपणाची खिल्ली उडवतो.

इ.स. १९३९ मध्ये वृद्ध थिओ निर्वासित म्हणून इंग्लंडमध्ये असतो. ईडिथ मरण पावलेली असते आणि त्यांचे दोन्ही मुलगे नाझी झालेले असतात. चौकशी अधिकाऱ्यासमोर तो आपण जर्मनी का सोडली हे सांगतो, आणि कँडी त्याच्यासाठी जामीन राहतो. इ.स. १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीनंतर बीबीसीवरून होणारे कँडीचे भाषण ऐनवेळी रद्द केले जाते. नाझींच्या पद्धती वापरून जिंकण्यापेक्षा पराभव पत्करावा, असे तो त्यात म्हणणार असतो. या खेपेस हरलात तर परतीचा सामना होणार नाही, हे त्याला समजावून सांगतो तो त्याचा जर्मन मित्रच. बॉम्बहल्ल्यात घर गमावलेला कँडी होम गार्डच्या कामाला लागतो आणि कथा पुन्हा आरंभीच्या प्रसंगाशी येऊन मिळते. शेवटी तो आपल्याला कैद करणाऱ्या तरुणाला शिक्षा करण्याऐवजी जेवायला बोलावण्याचे ठरवतो.

ऐतिहासिक संदर्भ

बोअर युद्ध

चित्रपटात ब्रिटिश अत्याचारांच्या बातम्या हा शत्रूचा खोटा प्रचार मानला जातो. प्रत्यक्ष इतिहास वेगळा आहे. दुसऱ्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) गनिमी काव्याने लढणाऱ्या बोअर तुकड्यांची रसद तोडण्यासाठी ब्रिटिश सैन्याने शेते व घरे जाळली आणि तेथील कुटुंबांना बंदी छावण्यांत ठेवले. अपुरे अन्न, अस्वच्छता आणि गोवरासारखे साथीचे रोग यांमुळे तेथे २६,००० हून अधिक बोअर स्त्रिया व मुले मरण पावली. कृष्णवर्णीय आफ्रिकनांसाठीच्या स्वतंत्र छावण्यांतही हजारो मृत्यू झाले. ब्रिटिश समाजसेविका एमिली हॉबहाउस यांनी इ.स. १९०१ मध्ये या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा ब्रिटनमध्येच मोठा वाद झाला होता. कँडी ज्या सचोटीच्या बळावर बर्लिनला जातो, तिच्यामागे हे अज्ञानही आहे.

पहिले महायुद्ध

युद्धविरामाच्या दिवशी कँडीला वाटते की, जर्मनांनी विषारी वायू वापरला, तरी प्रामाणिकपणे लढलेला पक्षच अखेर जिंकला. जर्मनीने एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे क्लोरीन वायूचा मोठ्या प्रमाणावर वापर केला, हे खरे आहे. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लूसच्या लढाईत ब्रिटिश सैन्यानेही विषारी वायू वापरला. चित्रपट हे थेट सांगत नाही. तथापि, कँडीला कैद्यांकडून माहिती मिळत नाही, आणि तो निघून गेल्यावर एक दक्षिण आफ्रिकी अधिकारी चौकशी आपल्या पद्धतीने हाती घेतो, असा प्रसंग त्यात आहे. युद्ध कसे जिंकले जात आहे याची कँडीला कल्पनाच नाही, हे त्यातून सूचित होते.

निर्वासितांचा प्रश्न

युद्ध सुरू होताच ब्रिटनमधील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांची 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून न्यायाधिकरणांपुढे चौकशी झाली. त्यांतील बहुसंख्य नाझी छळातून पळून आलेले ज्यू होते. तरीही इ.स. १९४० च्या उन्हाळ्यात आक्रमणाच्या भीतीने त्यांपैकी हजारोंना स्थानबद्ध करण्यात आले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत एका जर्मन निर्वासिताला चित्रपटातील सर्वांत सुज्ञ पात्र म्हणून दाखवणे ही धाडसाची गोष्ट होती.

निर्मिती

थिओचे निवेदन प्रेसबर्गर यांच्या स्वतःच्या अनुभवाच्या जवळचे आहे. इ.स. १९०२ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीतील मिश्कोल्त्स येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले प्रेसबर्गर बर्लिनमध्ये 'उफा' या चित्रपटसंस्थेसाठी लेखन करत. नाझी सत्तेवर आल्यावर ते पॅरिसला आणि इ.स. १९३५ मध्ये ब्रिटनला आले. त्यांची आई आउशवित्झ येथे मारली गेली. व्हिएन्नात जन्मलेले वॉलब्रुक हेही जर्मन चित्रपटसृष्टीतील नामवंत अभिनेते होते. त्यांची आई ज्यू वंशाची होती आणि तेही नाझी जर्मनी सोडून आले होते. न्यायाधिकरणापुढील त्यांचे दीर्घ निवेदन जवळजवळ अखंड चित्रित केलेले आहे.

कँडीच्या भूमिकेसाठी प्रथम लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा विचार झाला होता. ते तेव्हा नौदलाच्या हवाई विभागात होते आणि त्यांना मोकळे करण्यास नकार देण्यात आला. त्यामुळे ही भूमिका लिव्हसी यांच्याकडे आली. लिव्हसी यांनी त्यापूर्वी 'द ड्रम' (१९३८) या चित्रपटात ब्रिटिश अधिकाऱ्याची भूमिका केली होती. वायव्य सरहद्दीवर घडणाऱ्या त्या साम्राज्यवादी चित्रपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली होती. ईडिथ, बार्बरा आणि इ.स. १९४० च्या दशकातील कँडीची मोटारचालक अँजेला या तिन्ही भूमिका डेबोरा कार यांनी केल्या. त्या वेळी त्या जेमतेम एकवीस वर्षांच्या होत्या.

चित्रपट डेनम स्टुडिओत टेक्निकलर पद्धतीने चित्रित झाला. जॉर्ज पेरिनाल यांचे छायालेखन, आल्फ्रेड युंगे यांची कलानिर्मिती आणि ॲलन ग्रे यांचे संगीत त्यास लाभले. लिव्हसी यांच्या रंगभूषेचे विशेष कौतुक झाले. ज्या मिशांमुळे कँडी लो यांच्या व्यंगचित्रासारखा दिसतो, त्या तो द्वंद्वयुद्धात ओठावर झालेल्या जखमेचा व्रण झाकण्यासाठी ठेवतो. द्वंद्वयुद्धाची तयारी मात्र तपशीलवार दाखवली आहे. तलवारी भिडताच कॅमेरा वर उचलला जातो, छतापार जातो आणि बाहेर पडणारे हिम दाखवतो. कोण जिंकले, हे चित्रपटाच्या दृष्टीने महत्त्वाचे नाही.

सरकारचा विरोध

युद्धमंत्री जेम्स ग्रिग यांना हा चित्रपट सैन्याची प्रतिमा मलिन करील असे वाटले. त्यांच्या सांगण्यावरून चर्चिल यांनी सप्टेंबर १९४२ मध्ये माहितीमंत्री ब्रेंडन ब्रॅकन यांना लेखी सूचना देऊन ही निर्मिती रोखण्यास सांगितले. सैन्याच्या मनोधैर्याला ती घातक ठरेल, असे त्यांचे मत होते. आपल्या मंत्रालयाला चित्रपट बंद पाडण्याचा अधिकार नाही आणि तसा अधिकार घ्यायचा तर मतप्रदर्शनावर सक्तीचे नियंत्रण आणावे लागेल, असे ब्रॅकन यांनी कळवले. लोकशाहीच्या रक्षणासाठी युद्ध लढणाऱ्या सरकारला ती किंमत परवडणारी नव्हती. अखेरीस सैन्याचे साहाय्य नाकारण्यापलीकडे सरकारला चित्रीकरण थांबवता आले नाही. चित्रपटाच्या निर्यातीस मात्र काही काळ अडथळा आणण्यात आला.

प्रदर्शन आणि प्रतिसाद

चित्रपट जून १९४३ मध्ये लंडन येथे प्रदर्शित झाला. सरकारी विरोधाची चर्चा त्याच्या प्रसिद्धीला उपयोगीच पडली आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद चांगला मिळाला. टीका दोन्ही बाजूंनी झाली. काहींना त्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांची थट्टा दिसली, तर काहींना जर्मन पात्राविषयीची सहानुभूती खटकली. चित्रपट नेमके काय सांगतो याविषयी संदिग्धता असल्याचा आक्षेपही घेण्यात आला.

ही संदिग्धता पटकथेच्या रचनेतच आहे. थिओचे म्हणणे मान्य केले तर कँडीचे युग संपले पाहिजे. पण प्रेक्षकाचा जीव जडतो तो कँडीवरच. ज्या काळात हा चित्रपट आला, त्या काळात हा प्रश्न तात्त्विक राहिलेला नव्हता. ब्रिटिश हवाई दलाने मे १९४२ मध्ये सुमारे एक हजार विमानांनी कोलोन शहरावर हल्ला केला होता. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या हॅम्बर्गवरील बॉम्बवर्षावात हजारो नागरिक ठार झाले.

काटछाट आणि पुनरुज्जीवन

मूळ चित्रपट १६३ मिनिटांचा आहे. पुढील वर्षांत, विशेषतः अमेरिकेतील प्रदर्शनासाठी, त्याची मोठ्या प्रमाणावर काटछाट झाली. काही आवृत्त्यांत फ्लॅशबॅकची रचना काढून टाकून घटना कालक्रमाने लावण्यात आल्या. त्यामुळे म्हाताऱ्याला प्रथम हसायचे आणि मग त्याला समजून घ्यायचे, हा मूळ हेतूच नाहीसा झाला. इ.स. १९८० च्या दशकात ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागाराने पूर्ण लांबीची आवृत्ती पुन्हा सिद्ध केली. इ.स. २०११ मध्ये चित्रपटाचे डिजिटल पुनरुज्जीवन पूर्ण झाले. त्यामागे दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी आणि पॉवेल यांच्या पत्नी, संकलक थेल्मा स्कूनमेकर यांचा पुढाकार होता.

वारसा

पॉवेल व प्रेसबर्गर यांनी यानंतर 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' (१९४६), हिमालयाच्या पार्श्वभूमीवरील 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) आणि 'द रेड शूज' (१९४८) हे चित्रपट केले. 'ब्लॅक नार्सिसस'मध्ये डेबोरा कार यांच्यासोबत म्हैसूरमध्ये जन्मलेले अभिनेते साबू होते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने इ.स. १९९९ मध्ये निवडलेल्या विसाव्या शतकातील शंभर ब्रिटिश चित्रपटांत 'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प'चा समावेश आहे.